बाळ मांडीवर, प्लेऑफ टीव्हीवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सिअ‍ॅटलजवळ राहते, इथल्या मरिनर्स या बेसबॉल संघाची चाहती आहे आणि घरात तान्हं बाळ असताना प्लेऑफचा, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांचा, अख्खा महिना काढलेला आहे. सप्टेंबर संपत आला की नव्यानं आई-बाबा झालेल्या ओळखीच्या मंडळींकडून जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. बाळाच्या तब्येतीबद्दल शंका असेल तर अर्थातच बाळाच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

प्लेऑफचा ‘पूर्ण दिवस’ म्हणजे नक्की किती वेळ?

सध्याची पद्धत २०२२ पासूनची आहे. अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगमधून प्रत्येकी ६, असे १२ संघ प्लेऑफमध्ये येतात. प्रत्येक लीगमधल्या पहिल्या दोन संघांना पहिल्या फेरीत सुट्टी मिळते. उरलेल्यांची वाइल्ड कार्ड फेरी होते, तीनपैकी दोन सामने जिंकण्याची. मग पाच सामन्यांची डिव्हिजन सिरीज, सातची लीग चॅम्पियनशिप आणि शेवटी सातचीच वर्ल्ड सिरीज.

सकाळपासून रात्रीपर्यंत सामने चालतात ते पहिल्या दोन फेऱ्यांत. ३० सप्टेंबर २०२५ चं उदाहरण घ्या. पूर्वेच्या वेळेनुसार दुपारी १:०८ ला क्लीव्हलंडमध्ये टायगर्स-गार्डियन्स, ३:०८ ला शिकागोत पाद्रेज-कब्ज, ६:०८ ला न्यू यॉर्कमध्ये रेड सॉक्स-यँकीज आणि रात्री ९:०८ ला लॉस एंजेलिसमध्ये रेड्स-डॉजर्स. पहिल्या चेंडूपासून शेवटच्या आउटपर्यंत जवळजवळ अकरा तास धरा. न्यू जर्सीतल्या आई-बाबांसाठी हा दिवस मध्यरात्रीनंतर संपतो. आम्हा पश्चिम किनाऱ्यावरच्यांसाठी तो सकाळी दहाला सुरू होतो आणि बाळाच्या रात्रीच्या पहिल्या झोपेत आटोपतो. या बाबतीत आम्ही नशीबवान आहोत.

घरात तान्हं बाळ असताना हे खरंच जमतं का?

जमतं. फक्त सामना बाळाच्या दिवसात बसवायचा, बाळाला सामन्याच्या दिवसात नाही. चारही सामने डोळ्यात तेल घालून बघायचे असं ठरवलंत तर दुपारी चारच्या आत घरातले सगळे रडकुंडीला येतील. मी सांगेन की एक सामना मनापासून बघायचा, दुसरा येता-जाता, आणि बाकीचे दोन कानावर. चारही सामने लागतात आणि दिवसही सुखात जातो.

बेसबॉल याला फार सोयीचा खेळ आहे. प्रत्येक संघाला २७ आउट मिळतात आणि ते संपेपर्यंत खेळ संपत नाही. दर अर्ध्या इनिंगनंतर, म्हणजे एका संघाची बॅटिंगची पाळी संपली की, जाहिरातींचा ब्रेक असतो. पिचर (चेंडू टाकणारा) बदलला की आणखी एक. मधली दहा मिनिटं चुकली तरी पडद्याच्या कोपऱ्यात स्कोअर, इनिंग, आउट आणि बेसवर कोण आहे हे सगळं दिसत असतं. परत येऊन बसलात की लगेच धागा सापडतो. फुटबॉल किंवा बास्केटबॉलमध्ये ही मुभा नाही.

बाळाच्या वयाप्रमाणे दिवस कसा आखायचा?

पहिले तीन महिने सगळ्यात सोपे, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. नवजात बाळ दिवसाकाठी साधारण १४ ते १७ तास झोपतं आणि दर दोन-तीन तासांनी दूध मागतं. बाळाला अजून घड्याळ नसतं, त्यामुळे मोडायलाही काही नसतं. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं या फेऱ्यात दोन-तीन इनिंग सहज जातात. अडचण तुमच्या झोपेची असते, बाळाच्या नाही. बाळंतिणीनं तर दुपारचा एक सामना सरळ सोडून झोपावं. मी हे आग्रहानं सांगते, कारण रात्रीचा सामना बघायची ताकद त्या झोपेतूनच येते.

चार ते आठ महिने हा कसोटीचा काळ. बाळ पालथं पडायला लागतं, सगळं तोंडात घालतं आणि तुमचं लक्ष नेमकं कुठे आहे हे त्याला कळतं. आता दिवसा दोन-तीन झोपा ठरलेल्या असतात. तुम्हाला मनापासून बघायचा सामना त्यातल्या मोठ्या झोपेशी जुळतो का बघा. जुळत नसेल तर पहिल्या तीन इनिंग सोडा आणि शेवटच्या तीन राखून ठेवा. प्लेऑफमध्ये मॅनेजर सुरुवातीच्या पिचरला लवकर काढतात आणि पाचव्या-सहाव्या इनिंगपासून बुलपेनचा, म्हणजे राखीव पिचरांचा, खेळ सुरू होतो. खरी बुद्धिबळं तिथे असतात, माझ्या मते बघण्यासारखी तीच.

रांगणारं बाळ असेल तर एका मोठ्या माणसाचं काम फक्त बाळ. त्यावर दुसरा तोडगा नाही.

जोडीदाराला बेसबॉलमध्ये काडीचा रस नाही. भांडण कसं टाळायचं?

आमच्याकडे हाच प्रकार आहे. माझ्या नवऱ्याला क्रिकेट सोडून काही दिसत नाही. आम्ही बाळाची पाळी अर्ध्या इनिंगवर लावली आहे. पाहुणा संघ बॅटिंगला असताना बाळ माझ्याकडे, यजमान संघ बॅटिंगला आला की त्याच्याकडे. दर दहा-एक मिनिटांनी आपोआप अदलाबदल होते, घड्याळ बघावं लागत नाही आणि ‘तू किती वेळ बसली आहेस’ हा हिशोब निघत नाही. ब्रेक लागला की बाळाचा हात बदलतो. मरिनर्स बाहेरच्या मैदानावर खेळत असतील तर पाळ्या उलट्या करतो, म्हणजे ते बॅटिंग करत असताना माझे हात मोकळे राहतात.

आणि एक बोलून ठरवायची गोष्ट. तुम्ही दिवसभर सामने बघणार असाल तर पुढचा एक पूर्ण दिवस जोडीदाराचा. त्या दिवशी बाळ तुमच्याकडे, काही विचारायचं नाही. हा दिवस आधी कॅलेंडरवर लिहा आणि मगच टीव्ही लावा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत बाळंतीण थकलेली असेल आणि चाहते बाबा असतील, तर पाळ्यांचा हिशोब बाजूला ठेवून जास्तीत जास्त काम बाबांनीच उचलावं.

बाळासमोर दिवसभर टीव्ही चालू ठेवला तर चालेल का?

नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की दीड वर्षापर्यंत व्हिडिओ कॉल सोडून बाळाला पडदा दाखवू नये. पार्श्वभूमीला नुसता आवाज चालू असला तरी मोठी माणसं बाळाशी कमी बोलतात, हेही अभ्यासांत दिसलेलं आहे.

म्हणून बाळाची पाठ पडद्याकडे आणि तोंड तुमच्याकडे. मांडीवर घेतलंत की हे सहज होतं. आवाज कमी ठेवा आणि समालोचन तुम्ही करा. ‘बघ हं, आता काका चेंडू टाकणार, टाकला, आणि मारलाच नाही की!’ असं मराठीत बोलत राहिलं की बाळ टक लावून तुमचं तोंड बघतं, हुंकार देतं. बेसबॉलमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये बोलायला भरपूर जागा असते. माझ्या मुलीनं माझ्याकडून दिवसाकाठी जितके मराठी शब्द ऐकले असतील, त्यात प्लेऑफच्या दिवसांचा वाटा मोठा आहे.

बाळ खेळायच्या मूडमध्ये असेल आणि मान वळवून वळवून टीव्हीकडे बघत असेल तर टीव्ही बंद करून रेडिओ लावा.

रेडिओ? आजकाल कोण ऐकतं?

बेसबॉलवाले ऐकतात. प्रत्येक संघाचे स्वतःचे रेडिओ समालोचक असतात आणि वर्षानुवर्षं तोच आवाज ऐकून लोक त्यांना घरातलंच माणूस मानतात. सिअ‍ॅटलमध्ये डेव्ह नीहाउस १९७७ पासून, म्हणजे संघाच्या पहिल्या हंगामापासून २०१० पर्यंत मरिनर्सचा आवाज होते. इथले जुने लोक आजही त्यांच्याबद्दल भरल्या गळ्यानं बोलतात.

बाळ सांभाळताना डोळे आणि हात दोन्ही गुंतलेले असतात, मोकळे असतात ते कान. प्रॅममध्ये घालून फिरायला न्या, आंघोळ घाला, दुपटी वाळत घाला, सामना तुमच्याबरोबर येतो. एक लक्षात असू द्या: रेडिओ आणि टीव्हीच्या प्रक्षेपणात काही सेकंदांचा फरक असतो, त्यामुळे दोन्ही एकदम लावू नका. आणि बाहेर प्रॅम ढकलताना एकच कान झाका, दुसरा रस्त्यासाठी मोकळा हवा.

ब्रेकमध्ये डायपर बदलून होतो का?

साधा असेल तर आरामात. ब्रेक दोन-तीन मिनिटांचा असतो. सगळं सामान टीव्हीच्या खोलीतच एका टोपलीत ठेवा: डायपर, ओले वाइप्स, मलम, एक जादा झबलं, दोन दुपटी, लाळेरं. बदलायची गादी जमिनीवर अंथरा. टेबलावर बदलत असाल तर बाळावर एक हात सतत हवा. बेस भरलेले, काउंट तीन-दोन (म्हणजे पुढच्या चेंडूवर काहीही होऊ शकतं), आणि तुम्ही मान वर केलीत, नेमक्या त्याच क्षणी बाळ कूस वळतं. जमिनीवरून ते पडणार कुठे?

मोठी शी झाली असेल तर पूर्ण अर्धी इनिंग धरा आणि घाई करू नका.

पाजण्याचं आणि बाटल्यांचं काय?

अंगावर पाजत असाल तर हा दिवस तुमचाच. पाण्याची बाटली हाताशी, पाठीला उशी आणि रिमोट उजव्या हाताला. काही बाळं चार महिन्यांनंतर पाजताना आवाजानं विचलित होतात, सारखी तोंड काढतात. अशा बाळाला अंधाऱ्या खोलीत न्या, सामना थांबेल.

बाटलीचं दूध असेल तर सामन्याच्या नादात वेळेचं भान सुटतं, म्हणून हे आकडे फ्रिजवर चिकटवा. तयार केलेलं पावडरचं दूध दोन तासांत पाजायला सुरुवात करायची. पाजायला सुरुवात केली की तासाभरात उरलेलं टाकून द्यायचं. न उष्टावलेलं फ्रिजमध्ये २४ तास चालतं. काढून ठेवलेलं आईचं ताजं दूध बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस. बाळानं उष्टावलं असेल तर पाजून झाल्यापासून दोन तासांत संपवायचं. ‘चौथ्या इनिंगला केलेली बाटली आहे, चालेल’ असं आठव्या इनिंगला म्हणू नका.

होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) लागला की ओरडू का नको?

बाळ हातात असेल तर नको. लहान बाळं मोठ्या आवाजानं दोन्ही हात पसरून दचकतात आणि मग बराच वेळ शांत होत नाहीत. हातात घेऊन उडी मारणं किंवा आनंदानं वर उडवणं तर अजिबात नको, त्यांची मान अजून धरलेली नसते. आमच्या घरात नियम आहे की ज्याच्या हातात बाळ, त्याचा आवाज बंद. दुसऱ्यानं शेजारच्या खोलीत जाऊन काय ते करावं. मुठी आवळून, डोळे मिटून, एक अक्षर न काढता साजरा केलेला होमरनही तितकाच गोड लागतो, हे मी अनुभवानं सांगते.

बाळ माझ्या छातीवर झोपलंय, सामना रंगात आलाय. राहू दे का तसंच?

तुम्ही टक्क जागे आहात तोवर राहू दे. डोळा लागतोय असं वाटलं की त्याच क्षणी उठून बाळाला पाळण्यात ठेवा: पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी-पांघरूण-खेळणी काही नको. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन झोप लागणं हा तान्ह्या बाळांसाठी सगळ्यात धोक्याच्या प्रकारांपैकी एक आहे. बाळ गाद्यांच्या फटीत सरकतं आणि श्वास कोंडतो. प्लेऑफचा रात्रीचा सामना, अपुरी झोप, मंद दिवे आणि मऊ सोफा असं सगळं जुळून येतं, म्हणून या उत्तराकडे विशेष लक्ष द्या. बीअर घेतली असेल तर बाळ तुमच्या हातात नकोच.

झोपाळा, बाउन्सर, कार सीट या जागा जागेपणी ठीक. त्यात झोप लागलीच तर उचलून पाळण्यात ठेवा.

सामना लांबला तर?

लांबतो, आणि प्लेऑफमध्ये वाटेल तितका लांबतो. २०२० पासून साध्या हंगामात जादा इनिंगला दुसऱ्या बेसवर धावपटू आयता उभा करतात, म्हणजे निकाल लवकर लागतो. प्लेऑफमध्ये तो नियम नाही. २०२३ मध्ये पिच क्लॉक (चेंडू टाकायला ठरावीक सेकंदांची मर्यादा) आल्यापासून साध्या हंगामातला सामना सरासरी २ तास ४० मिनिटांवर आला, पण प्लेऑफचा सामना तीन तासांच्या पुढे सहज जातो. बरोबरी झाली तर मग विचारूच नका.

१५ ऑक्टोबर २०२२ हा दिवस सिअ‍ॅटलमधलं कोणी विसरणार नाही. २१ वर्षांनी शहरात प्लेऑफचा सामना आला होता. ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोजविरुद्ध सतरा इनिंग दोन्ही बाजूंना शून्य. अठराव्या इनिंगमध्ये हेरेमी पेन्यानं होमरन मारला आणि ६ तास २२ मिनिटांनी आम्ही १-० असे हरून बाहेर पडलो. त्याच दिवशी बाकीच्या तिन्ही मालिकांचेही सामने होते. सगळे बघायचे ठरवणाऱ्या आई-बाबांचं काय झालं असेल, विचार करा.

आणि १० ऑक्टोबर २०२५. टायगर्सविरुद्ध पाचवा, निर्णायक सामना. पुढच्या फेरीत खेळायला मिळणार की सुट्टी लागणार हे ठरवणारा. संध्याकाळी पाचनंतर सुरू झालेला सामना २-२ वर अडकला तो अडकलाच. मुलीची झोपायची वेळ झाली, तेव्हा नववी इनिंगही संपली नव्हती. मी तिला खोलीत नेलं, दिवा मालवला, एका कानात रेडिओ ठेवला आणि खांद्यावर टाकून ढेकर काढत येरझाऱ्या घातल्या. ती झोपली, पुन्हा उठली, पुन्हा झोपली. पंधराव्या इनिंगमध्ये होर्हे पोलांकोनं एकेरी धाव काढून देणारा फटका मारला आणि आम्ही ३-२ असे जिंकलो. बाहेरच्या खोलीतून नवऱ्याची दबलेली आरोळी आली. त्या क्रिकेटवाल्याची!

थोडक्यात काय, तर बाळाची झोपायची वेळ जादा इनिंगसाठी पुढे ढकलू नका. नेहमीच्या वेळी, नेहमीच्या क्रमानं झोपवा. सामना कानावर ठेवता येतो, पण मोडलेली झोप तीन दिवस निस्तरावी लागते.

सासूबाई बाळंतपणासाठी आल्या आहेत. त्यांना हा खेळ कळत नाही आणि दिवसभर टीव्ही पटत नाही.

त्यांचं म्हणणं बाळाच्या बाजूचं आहे, तेव्हा आधी मान्य करा. एकच सामना लावा, आवाज कमी ठेवा. मग खेळ समजावून सांगा: तीन स्ट्राइक झाले की आउट, तीन आउट झाले की डाव पालटला, चार बेस फिरून घरी आलं की एक धाव. एवढ्यावर पहिला सामना निभावतो. माझ्या सासूबाईंनी तिसऱ्या इनिंगला ‘हा पिचर दमलाय, काढा त्याला’ असं सांगितलं आणि तो पुढच्याच बॅटरला काढला गेला. तेव्हापासून त्या आमच्यात आहेत.

भारतातल्या आजी-आजोबांनाही सामील करून घ्या. पूर्वेच्या वेळेनं रात्री ८ चा सामना भारतात पहाटे ५:३० ला सुरू होतो. नाशिकला माझे बाबा पहाटे चहा घेऊन व्हिडिओ कॉलवर बसतात, नातीशी बोलतात आणि मधूनच स्कोअर विचारतात. व्हिडिओ कॉल बाळाला चालतो, हे वर आलंच आहे.

खाण्यापिण्यात काय सांभाळायचं?

बेसबॉलबरोबर सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे आणि पॉपकॉर्न येतात. तिन्ही रांगणाऱ्या बाळाच्या घशात अडकणाऱ्या वस्तू आहेत. बियांची सालं सोफ्याखाली जातात आणि बाळाला ती तुमच्या आधी सापडतात. बाळ रांगायला लागलं असेल तर या वर्षी बिया बंद. चिवडाही ताटलीत घेऊन टेबलाशी बसून खा. बाळ मांडीवर असताना गरम चहा-कॉफी हातात नको. वर्षाच्या आत बाळाला मध चाटवू नका. दिवसभरासाठी सकाळीच खिचडी किंवा दहीभात करून ठेवा, एका हातानं चमच्यानं खाता येतो. अंगावर पाजणाऱ्या आईनं एखादं ड्रिंक घेतलं तर पाजण्याआधी किमान दोन तास जाऊ द्यावेत.

त्यापेक्षा बाळाला मैदानावरच नेलं तर?

साध्या हंगामातल्या रविवार दुपारच्या सामन्याला जरूर न्या, फार छान दिवस जातो. प्लेऑफला माझं मत नाही असं आहे. ऑक्टोबरच्या रात्री गारठा, प्रत्येक चेंडूला उभं राहून ओरडणारी गर्दी आणि बाहेर पडायला लागणारा वेळ, हे तान्ह्याला झेपत नाही. जायचंच असेल तर कानांवर बाळांचे इअरमफ हवेतच आणि जागा संरक्षक जाळीमागची घ्या. डायपर बॅगेचे नियम त्या मैदानाच्या संकेतस्थळावर आधी वाचा.

बाळ रडायचं थांबत नाही, संघ हरतोय, आणि माझा ताबा सुटतोय.

टीव्ही बंद करा. बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, दार ओढून घ्या, पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा, पाणी प्या, कोणाला तरी फोन करा. सुरक्षित पाळण्यात रडणाऱ्या बाळाला काही होत नाही. बाळाला रागानं हलवणं मात्र जिवावर बेतू शकतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर कोणतीही इनिंग असो, लगेच डॉक्टरांना फोन.

रेकॉर्ड करून रात्री बघितलं तर?

उत्तम पर्याय, विशेषतः पूर्वेकडच्या आई-बाबांसाठी. रेकॉर्डिंगची वेळ दोन तास वाढवून ठेवा, नाहीतर दहावी इनिंग कापली जाते. फोनवरच्या स्कोअरच्या सूचना बंद करा, कुटुंबाच्या ग्रुपला दिवसभरासाठी म्यूट करा आणि नाशिकच्या बाबांना आधीच सांगून ठेवा की निकाल कळवायचा नाही. ब्रेक पुढे सरकवत बघितलंत तर सामना दोन-सव्वादोन तासांत होतो. मध्यरात्रीच्या पाजण्याला सहावी-सातवी इनिंग ठेवा, उरलेलं सकाळच्या पहिल्या दुधाबरोबर.